समोरची बाजू

बैठकीत मी तोंड उघडायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. ठरवलं कुणी? मीच. चार वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या साहेबाला मी भर बैठकीत विचारलं होतं, "तुमच्या घरी कुणी वडीलधारं नाही का, बोलायचं कसं ते शिकवायला?" ते गिऱ्हाईक त्यानंतर आमच्या फाटकाकडे फिरकलं नाही. माझा राग पहिल्यापासून असाच, आणि जीभ त्याच्याही दोन पावलं पुढे. म्हणून या खेपेला बोलणार होता माझा भाऊ. मी बाजूला बसायचं, पाण्याचे ग्लास पुढे सरकवायचे आणि मूग गिळून गप्प राहायचं.

भाऊ माझ्याहून दहा वर्षांनी लहान. सहा फूट उंच, अठ्ठेचाळीस वर्षांचा, डोक्यावर केस औषधालाही नाहीत, आणि घरात अजून नाव पिटू. स्वभावाने अगदी गरीब. रस्त्यात कुणी धक्का मारला तर हाच माफी मागणार. त्याला बैठकीसाठी तयार करायचं काम साहजिकच माझ्या गळ्यात पडलं, म्हणजे खरं तर मीच ते ओढून घेतलं.

आमचा कारखाना काही फार मोठं प्रकरण नाही. गॅसच्या वाल्वमध्ये रबराची एक बारीक रिंग असते, गॅस बाहेर येऊ नये म्हणून बसवलेली. ती आम्ही करतो. पुढे चार प्रेस, त्यांच्या शेजारी काचेची केबिन, वरच्या मजल्यावर आम्ही राहतो आणि खाली अगदी मागे मिश्रणाची खोली. तिथे दोन लोखंडी रोलर एकमेकांना घासून फिरतात. त्यांच्यामध्ये रबर घालायचं, काजळी घालायची, गंधक घालायचं आणि कणीक मळावी तसं मळत राहायचं. वडिलांनी मला ते शिकवलं, त्याला एकतीस वर्षं झाली. मिश्रण रोलरवर जास्त तापलं तर ते लागतं, दूध लागतं तसं. डोळ्यांना दिसत नाही, हाताला उशिरा कळतं. नाकाला सगळ्यात आधी कळतं. लागलेल्या मिश्रणाची रिंग दिसायला झकास, पण सहा महिन्यांत तिला भेग जाते, आणि मग कुणाच्या तरी स्वयंपाकघरात काय होईल ते सांगायला नको.

त्या मोठ्या कंपनीचं पत्र आलं ते पाच वर्षांच्या करारासाठी. सोबत मसुदा, चोवीस कलमांचा. तेवीस कलमं वाईट होती, पण जगात असतात तशी वाईट. नववं मात्र मी तीनदा वाचलं. रबराचं मिश्रण कंपनी स्वतःच्या मुख्य कारखान्यातून पाठवेल, पुरवठादाराने फक्त ते साच्यात दाबून रिंगा करून द्याव्यात. म्हणजे मागची खोली बंद, रोलर भंगारात आणि मी घरी. मी लग्न केलं नाही, त्याची खंतही नाही. सकाळी सात वाजता ते रोलर सुरू करायचे, एवढ्यासाठी मी उठते. ते गेलं तर उठायचं कशासाठी, हे मला खरंच माहीत नव्हतं.

"ताई, तू अजिबात काळजी करू नकोस," पिटू म्हणाला. "बाकी काय वाटेल ते देऊ. नववं नाही."

"नाहीच मुळी," भावजय म्हणाली. ऑफिसची सगळी कागदपत्रं ती बघते. तिने मसुद्यावर नवव्या कलमाभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि शेजारी लिहिलं, काढून टाकणे.

आमच्या घरात सौद्याची तयारी करायची एक पद्धत आहे. वडिलांनी घालून दिलेली. घरातल्या एकाने 'समोरचा' व्हायचं. टेबलाच्या पलीकडे बसायचं आणि समोरच्याच्या बाजूने जीव तोडून भांडायचं. फ्रीज घ्यायचा होता तेव्हा आई दुकानदार झाली होती, आणि अशी काही भांडली की वडील दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत आणि फ्रीज चार वर्षं उशिरा आला. नियम दोनच. समोरच्याने दयामाया दाखवायची नाही. आणि खुर्चीतून उठल्यावर तिथलं बोलणं कुणी मनाला लावून घ्यायचं नाही.

समोरची मी झाले. दुसरं होणार कोण? आपल्या घराची भोकं कुठे आहेत ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

बैठकीला सात दिवस होते. रोज चार वाजता रोलर थांबले की आम्ही तिघं काचेच्या केबिनमध्ये बसायचो. पलीकडच्या खुर्चीत मी, अलीकडे पिटू, बाजूला वही घेऊन भावजय. पहिल्या दिवशी मी नुसतं विचारलं, "तुमच्याचकडून माल का घ्यावा आम्ही?" तर गडी म्हणाला, "तसं काही नाही, दुसरीकडेही चांगला मिळतो." मी कपाळाला हात लावला. भावजय हसता हसता खुर्चीवरून पडायची बाकी होती.

दुसऱ्या दिवशी मी त्याला माझा हुकमी डाव शिकवला. जे द्यायचंच आहे ते समोरच्याने मागायच्या आधी द्यायचं. त्याचं वाक्य अर्ध्यात तोडून, हसत हसत. तो गडबडतो, खूश होतो, आणि त्या खुशीत आपण दोन गोष्टी मागून घ्यायच्या. पिटूने ते दहा वेळा करून बघितलं. अकराव्या वेळेला तो असा हसला की मलाही खरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी मी नवव्या कलमाला हात घातला.

"तुमचं मिश्रण कोण करतं?"

"आमची ताई."

"वय?"

"अठ्ठावन्न."

"कृती कुठे लिहून ठेवली आहे?"

"लिहिलेली नाही. तिला पाठ आहे."

"उद्या ताईंना काही झालं तर? पायऱ्यांवरून पडल्या, अंथरुणाला खिळल्या, गेल्या? आमच्या दोन लाख रिंगांचं काय करायचं?"

"ताई, असं अभद्र काय बोलतेस!"

"ताई कोण? मी कंपनीचा खरेदीसाहेब आहे. उत्तर द्या."

मी त्याला फाडून खाल्लं. आणि खोटं कशाला बोलू, मला त्यात गोडी लागली. आंघोळ करताना नवे मुद्दे सुचायला लागले. मी त्या खुर्चीत चारच्या आधीच जाऊन बसायला लागले. तिथे बसलं की माझा आवाज खाली यायचा, थंड व्हायचा. मी कधी अशी बोलत नाही, मी ओरडते. हा आवाज कुणाचा होता कोण जाणे. आमच्या केबिनच्या काचेत एकदा मीच मला दिसले, मागे टेकून, बोटात बोटं गुंफून बसलेली एक बाई, आणि मी गुंफलेली बोटं सोडवली.

आता एक गोष्ट सांगते, जी तोपर्यंत मी जिवंत माणसाला सांगितली नव्हती. दोन वर्षांपूर्वी मला ताप आला होता. आठ दिवसांत ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. फुलं, साबण, घाम, गंधक, सगळं सारखंच. परत येईल, परत येईल म्हणून मी वाट बघितली. नाही आला. मग मी घड्याळ लावून मळायला लागले. तळहात रबराजवळ धरून अंदाज घ्यायला लागले. चाललं होतं. आठ महिन्यांपूर्वी एक लॉट तपासणीत फेल झाला, रिंगांना भेगा. बाहेर गेल्या नाहीत, देवाची कृपा. आमचा प्रेसवाला, चौदा वर्षं काम केलेला माणूस, म्हणाला, "मिश्रणच लागलेलं होतं, ताई." मी त्याच्यावर अशी काही कडाडले की अख्खा कारखाना थांबला. तुझ्या प्रेसची उष्णता तुला सांभाळता येत नाही आणि माझ्यावर ढकलतोस? पिटूने माझं ऐकलं. माझंच ऐकणार होता. प्रेसवाला दुसऱ्या दिवशी डबा घेऊन निघून गेला, आणि मी त्याला जाऊ दिलं.

चौथ्या दिवशी पिटू जय्यत तयारी करून आला. मी नवव्याचं नाव काढलं आणि तो ताठ बसला.

"साहेब, तुमच्या मुख्य कारखान्यात मशीन आहेत," तो म्हणाला. "आमच्याकडे ताईचं नाक आहे. कुठल्याही मशीनला कळायच्या आधी तिला कळतं. तुमच्या मिश्रणात दोष राहील, ते फिरत फिरत आमच्याकडे येईल, रिंग होईल आणि मग कुणाच्या तरी घरात फुटेल. आमच्याकडे तो दोष रोलरवरच मरतो. ते नाक तुम्हाला फुकट मिळतंय आणि तुम्ही ते बंद करायला निघालात?"

काय बोलला पोरगा! मला उठून त्याची पाठ थोपटायची होती. भावजयीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण मी खुर्चीत होते, आणि नियम नियम असतो. इतकं पक्कं उत्तर समोरच्याने कसं मोडलं असतं, ते मी शोधलं, आणि शोधायला लांब जावं लागलं नाही.

"आणि त्या नाकाला वासच येत नसेल तर?" मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे दोन वर्षांपासून येत नसेल तर? तुमच्या त्या लॉटला भेगा गेल्या. तुम्ही प्रेसवाल्याचा बळी दिलात. चौदा वर्षं काम केलेल्या माणसाचा. मिश्रण लागलं होतं, तो सांगत होता, तुम्ही ऐकलं नाहीत. कारण तुमच्या ताईंच्या नाकावर तुमचा विश्वास. तुम्ही ते नाक कधी तपासून पाहिलंत?"

भावजयीचं पेन थांबलं. पिटू माझ्याकडे बघत राहिला. खरेदीसाहेबाकडे नाही, माझ्याकडे.

मी पटकन खुर्चीतून उठले. "काय, कसं घेरलं!" मी हसले. "असले वार करतात ते लोक. त्यांना काय, जिभेला हाड नसतं."

"हो," पिटू म्हणाला. "पण हे ते कुठून काढतील, ताई?"

"काढतात रे. नसलेलंही काढतात."

पाचव्या दिवशी सकाळी मी वर चहाला बसले होते. भावजय ओट्याशी पाठमोरी उभी होती. "ताई," ती म्हणाली, "दूध लागल्याचा वास येतोय का हो तुम्हाला?"

"येतोय काय, घर भरलंय वासाने!" मी म्हटलं. "आधी गॅस बंद कर, लक्ष कुठे असतं तुझं?"

ती बाजूला झाली. शेगडीवर काही नव्हतं. दुधाचं पातेलं घासून पालथं घातलेलं होतं.

"मला भास झाला असेल," ती हळूच म्हणाली आणि ओटा पुसत राहिली. ओटा आधीच स्वच्छ होता.

बाईची जात, विसरभोळी, मी स्वतःला सांगितलं. खाली जाऊन रोलर सुरू केले. पहिला घाणा मी दोनदा मळला.

दुपारी पिटू मिश्रणाच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. तो सहसा तिथे येत नाही, काजळीने शर्ट खराब होतात म्हणून. दहा मिनिटं तो नुसता बघत होता. मी घड्याळाकडे किती वेळा बघते ते तो मोजत होता, हे मला पाठीला कळत होतं.

"ताई, कधी कधी मला तुझं पटतं," तो म्हणाला.

"माझं नाही, समोरच्याचं."

"हो. तेच."

त्या दिवशी चार वाजता तो म्हणाला, आज नववं नको, बाकीची कलमं घेऊ. सहाव्या दिवशीही तेच. बाकी सगळं त्याने असं चोख केलं की मला एकदाही त्याला पकडता आलं नाही. माल पोचवायच्या तारखा, तपासणी, करार मोडायची मुदत, सगळीकडे मीच हरत होते. खरेदीसाहेब झालेली मी एकदा चिडून म्हणाले, "आणि नऊ?" तर पिटूने मान खाली घालून वहीत काहीतरी लिहिलं, आणि त्यावर हात ठेवला.

सहाव्याच दिवशी, आम्ही उठलो तेव्हा, फाटकातून प्रेसवाला आत आला. आठ महिन्यांत बराच वाळला होता. भावजयीने बोलावलं होतं म्हणे. तो केबिनमध्ये गेला, पिटूने दार लावून घेतलं. काचेतून मला दोघं दिसत होते. प्रेसवाला हाताने काहीतरी ताणून दाखवत होता, रबर ताणतात तसं. मग पिटू उभा राहिला आणि त्याने त्या माणसासमोर हात जोडले.

बाहेर येताना प्रेसवाला माझ्यापाशी थांबला. "नमस्कार ताई. तब्येत बरी आहे ना?" तो म्हणाला. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं, कडक दिलं असतं. त्याने मनापासून विचारलं होतं.

संध्याकाळभर वेळ होता. मी पिटूला सांगू शकले असते. पिटू, खरंय ते, माझं नाक गेलंय, मला घाबरायला झालंय, मला एकदम काढू नकोस, दुसऱ्या कुणाला शिकवते, त्याच्या नाकाने मी मळेन. एवढंच म्हणायचं होतं. जेवताना तीन वेळा शब्द ओठांवर आले आणि तीनदा मी मीठ मागितलं. मेला अहंकार, दुसरं काय! शेवटी मी विचारलं, "उद्या नवव्याचं काय करणार आहेस?"

"तू शिकवलंयस तसंच करणार," पिटू म्हणाला आणि पाणी प्यायला उठला.

खरेदीसाहेब सकाळी अकराला आले. मी त्यांचं जे सोंग उभं केलं होतं त्याच्याशी काडीचंही साम्य नाही. लहानखुरा, सर्दी झालेला माणूस, बोलायला मऊ. सोबत कंपनीची एक वकीलबाई. ते खुर्चीत बसले, माझ्या खुर्चीत, आणि त्यांनी फाइलमधून एक कागद काढून पुढ्यात ठेवला.

साच्यांवरची अक्षरं उलटी कोरलेली असतात. एकतीस वर्षं ती वाचून माझे डोळे असे तयार झालेत की कागद कुठल्याही बाजूने धरा, मला सुलटाच दिसतो. त्या कागदावर एक ते चोवीस आकडे होते. नऊच्या ओळीवर लाल रेघ मारली होती. शेजारी टिपलं होतं, पुरवठादाराचा विरोध अपेक्षित, कलम मागे घ्यावे.

माझा श्वास मोकळा झाला. सात दिवसांत पहिल्यांदा.

"सुरुवातीलाच एक सांगतो," खरेदीसाहेब म्हणाले. "नवव्या कलमाबद्दल आमच्याकडे बरीच चर्चा झाली, आणि आम्हाला असं वाटतं की—"

"साहेब, माफ करा, मध्येच बोलतो," पिटू हसत म्हणाला. "नववं आम्हाला मान्य आहे."

अगदी तसाच हसला. अकराव्या वेळेला हसला होता तसा.

खरेदीसाहेब थांबले. त्यांनी वकीलबाईकडे बघितलं, तिने त्यांच्याकडे. मग त्यांनी तो कागद हलक्या हाताने पालथा घातला. "उत्तम," ते म्हणाले. "उत्तमच."

माझ्या तोंडात शब्द होते. त्यांनी खोडलंय, पिटू, मला दिसलं, कागद उलटा कर! एक हाक मारली असती तर सगळं फिरलं असतं. पण मग साहेबांनी विचारलं असतं, तुम्ही का मान्य करत होता? आणि पिटूला या परक्या माणसांसमोर कारण सांगावं लागलं असतं. त्याने ते सांगितलं नव्हतं. नुसतं मान्य म्हणून मोकळा झाला होता. माझं नाव काढलं नव्हतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्याचं चूक नव्हतं. मीच त्याला तेच तर सांगितलं होतं, त्या खुर्चीत बसून, त्या थंड आवाजात. माझ्याइतकं चांगलं कुणी सांगितलं नसतं.

मग पिटूने दोन गोष्टी मागितल्या. पाच वर्षं मागणी कमी करायची नाही, म्हणजे आम्हाला एकाही कामगाराला काढावं लागणार नाही. तपासणी आमच्याच कारखान्यात, आमच्या माणसांसमोर. दोन्ही मिळाल्या. साहेब इतके खूश होते की तिसरीही मिळाली असती. मी ग्लास पुढे सरकवले. भावजयीने कागदांवर खुणा केल्या आणि एकदाही वर बघितलं नाही. टेबलाखाली पिटूचा पाय लहान मुलासारखा हलत होता.

सह्या झाल्या. निघताना खरेदीसाहेबांनी रुमालाने नाक पुसलं आणि माझ्याकडे वळून चांगुलपणाने विचारलं, "आणि आपण? आपण काय बघता इथे?"

मी बोलायच्या आधी पिटूच पुढे झाला. त्याचे डोळे भरून आले होते.

"ताई घरीच असते," तो म्हणाला.

मागच्या खोलीत रोलर फिरत होते. सकाळचा घाणा अजून त्यांच्यावरच तापत होता.

"हो," मी म्हटलं. "घरीच."